मुकं मागणं

डेल्मा क्रोवेलला सडक्या माशाची कधी शिसारी आली नाही. बापाच्या नावेवर दोन हंगाम तिनं आमिष भरलं होतं. पिंपातला हेरिंग महिना-दीड महिना मिठात मुरून पिवळा पडायचा, वर तेलाची साय धरायची. त्यात कोपरापर्यंत हात घालून ती मूठमूठ मासा काढायची नि शेवंडाच्या, म्हणजे लॉबस्टरच्या, पिंजऱ्यात लावायची. वारा फिरला की नावेवरचे गडी तोंडं फिरवत. ही पोरगी तोच हात विजारीला पुसून पाव खायची. अशा पोरीला उभ्या जन्मात एकदाच भडभडून ओकारी झाली, ती प्रार्थनेच्या शिबिरात. आणि ती ओकारी तिला जन्मभर पुरली.

शिबिराला जायची तिला हौस नव्हती. तिचं गाव लोअर गल हार्बर, नोव्हा स्कॉशियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. साठ-सत्तर घरं, एक धक्का, एक बाप्टिस्ट चर्च. आसपासच्या गावांतली विशी-पंचविशीतली पोरंपोरी गोळा करून दर ऑक्टोबरात तीन दिवस रेडहेडच्या टोकावर समुद्राकाठी नेऊन ठेवायची, ही नव्या पाद्र्याची टूम. पाद्री रँडल शहरातून आलेला, त्याची बायको जॉयलीनही तिकडचीच. गेल्या साली डेल्मानं नाही म्हटलं, तर ही पाद्रीणबाई बिस्किटांचा डबा घेऊन घरी आली आणि दीड तास खुर्चीवरून हलली नाही.

यंदा तिला घरात घेऊन चालणार नव्हतं. पाद्रीणबाई आली की चहा आला, चहा आला की टेबलाशी बाप आला.

वेंडल क्रोवेलचा उजवा हात ईस्टरपासून कापत होता. आधी अंगठा आणि शेजारचं बोट, चिमटीत दोरा वळत बसावं तसं. ऑगस्टपर्यंत कप दोन्ही हातांनी धरायची पाळी आली. डॉक्टरनं सांगितलं, हे वाढत जाणार. ही गोष्ट डॉक्टर, बाप आणि लेक या तिघांपलीकडे गेलेली नव्हती. डेल्माची आई पाच वर्षांमागं गेली, म्हणजे घरात तिसरं कुणी नव्हतंच.

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी शेवंडाचा हंगाम उघडतो. कोण कुणाच्या नावेवर, हे त्या सकाळी नावा सुटेपर्यंत बदलता येतं, पुढं नाही. वेंडलकडे दोन गडी: तरणाताठा रूपर्ट निकरसन आणि जुना लेस्टर. तांडेलाचा हात कापतोय असं कळलं असतं तर दोघंही त्याच आठवड्यात दुसऱ्या नावेवर गेले असते, आणि त्यांना कुणी नावं ठेवली नसती. जानेवारीच्या लाटेत दोरावर ज्याचा हात बसत नाही, त्याच्या नावेवर बायकापोरं असलेल्या माणसानं का चढावं? गडी नाहीत तर नाव किनाऱ्यावर. आणि समुद्रातले खडक, कुठं चिखल, कुठं शेवंड बसतो, गिरजाघराचा कळस कुठल्या झाडाच्या रेषेत आला की पिंजरा टाकायचा, हे सगळं वेंडलच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. ते लेकीच्या डोक्यात उतरवायला त्याला एक हंगाम हवा होता.

"एक हंगाम," तो म्हणाला होता. "तेवडा एक कुनाला कळू दिऊ नगंस. मग तू आन् नाव, तुमचं तुमी बगा."

म्हणून डेल्मा शिबिराला गेली.

फर्नच्या गाडीतून गेली. फर्न शाळेपासूनची सोबतीण, जूनमध्येच लग्न होऊन रूपर्ट निकरसनची बायको झालेली. वाटभर ती बोलत होती.

"तुला म्हायती हाय का, औंदा पाद्रीणबाई साक्षी घ्यायच्यात. समद्यांनी उठून सांगायचं, देवानं आपल्याला कुटनं बाहीर काडलं ते."

"मला न्हाई कुटनं काडलं. मी धक्क्यावरच हाय."

"तू बी ना! काय तरी असंलच की. माज्यापाशी बी न्हवतं. मग मी आटवून आटवून काडलं. आटवीत आसताना सिग्रेट वडलेली."

"एक?"

"दीड," फर्न म्हणाली.

रेडहेडच्या टोकावर डोळ्यांत मावणार नाही इतका समुद्र होता, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. धुकं आत येतं म्हणून सभागृहाच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. आत रॉकेलची शेगडी, ओल्या लोकरीचा वास, आणि सगळ्यावर पाद्रीणबाईचं लायलॅकचं अत्तर. पाद्री रँडल दारात उभा राहून एकेकाला मिठी मारत होता. त्याची मिठी लवकर सुटत नसे. पाठीवर तळहात ठेवायचा, तो ओला असायचा, आणि सदऱ्यातून तो ओलावा आत झिरपेपर्यंत तो "स्वागत आहे, स्वागत आहे" म्हणत राहायचा. डेल्माच्या मनात आलं, पिंपातला मासा निदान हात सोडल्यावर पाठीशी लागत नाही.

त्याच्या प्रार्थनेत दर तिसरा शब्द 'फक्त' असायचा. "प्रभू, आम्ही फक्त तुझ्याकडे येतोय, फक्त तुझी दया मागतोय, फक्त या पोरांना फक्त स्पर्श कर." वेंडल जेवणाआधी टोपी काढून एक वाक्य म्हणायचा आणि बटाटे पुढं ओढायचा. डेल्मा त्यातली. ती 'फक्त' मोजत बसली, एकेचाळीसपर्यंत गेली नि कंटाळली.

शुक्रवारी जेवणाला ट्यूना-शेवयांचं भाजलेलं थोराड ताट, आणि जेली. हिरवी जेली, आत किसलेलं गाजर आणि कोबी, वर पांढऱ्या मेयोनेजचा गोळा. ती ताटलीत येऊन थरथरली. डेल्माला बापाचा हात आठवला. तिनं ती काट्यानं दूर सारली.

जेवणानंतर गोल करून बसले. प्रत्येकानं आपलं मागणं सांगायचं, जॉयलीननं फुलाफुलांच्या वहीत उतरून घ्यायचं. उतरलेलं मागणं तिथंच राहत नसे. या किनाऱ्यावर प्रार्थनेची साखळी असते: एक बाई दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला, की अमक्याच्या तमक्यासाठी गुडघे टेका. साखळीची पहिली कडी लोअर गल हार्बरमध्ये व्हिओला निकरसन, म्हणजे फर्नची सासू, म्हणजे रूपर्टची आई. व्हिओलाकडे निघालेली गोष्ट पाऊण तासात सगळ्या किनाऱ्यावर पोचायची, आणि वाटेत तिच्या अंगावर मांस चढायचं. डेल्माच्या आईची गाठ आईला कळायच्या आधी व्हिओलाला कळली होती. डॉक्टरकडच्या बाईनं कळकळीनं साखळीवर घातली होती ना!

एकाला परीक्षा पास व्हायची होती. एकीच्या आजीचा खुबा मोडलेला. फर्ननं दीड सिगरेट सांगितली, दोघी मुसमुसल्या. गोल फिरत फिरत डेल्मापाशी आला.

आता इथं जुन्या लोकांची एक रीत होती. सांगता येण्यासारखं नसेल तर माणूस बोट वर करी, "मुकं" एवढंच म्हणे नि खाली बसे. मुकं मागणं. म्हाताऱ्याची मूळव्याध असेल, कुणाचा पोरगा पीत असेल. देवाला कळलं, बाकीच्यांनी मान खाली घालायची. विचारायचं नाही. डेल्माचा आजा आठ वर्षं दर बुधवारी मुकं मागायचा, ते काय होतं हे त्याच्याबरोबर मातीत गेलं.

तिला खोटं मागता आलं असतं. वारा बरा राहू दे, म्हटलं असतं तर सुटली असती. पण पोरीची देवावर आपल्या परीनं श्रद्धा होती, आणि त्या वर्षी तिला खरंच गरज होती. बापासाठी एक तरी माणूस मान खाली घालेल, असं तिला वाटलं. ती चूक.

तिनं बोट वर केलं. "मुकं."

शेगडीचा आवाज ऐकू येऊ लागला. जॉयलीनची लेखणी वहीवर थांबली.

"राणी," ती म्हणाली, "इथं आपण सगळी भावंडंच आहोत ना? मन मोकळं केलं की हलकं वाटतं."

"मुकं म्हंजे मुकं," डेल्मा म्हणाली.

वहीत जॉयलीननं काहीतरी बरंच लिहिलं.

शनिवारी दुपारी जेवणाला उरलेली जेली पुन्हा आली. रात्रभरात तिला पाणी सुटलेलं. पाद्रीणबाई डेल्माच्या शेजारी येऊन टेकली, खांद्यावरून हात टाकला आणि तोंड कानाशी आणलं. लायलॅक, त्याखाली घामाचा आंबूस वास. दातात गाजराचा केशरी धागा.

"काही खात नाहीस तू. मी बघतेय हं. कालपासून."

"भूक न्हाई."

"एक घास. माझ्या हातचा."

असं म्हणून तिनं आपल्या ताटलीतली जेली आपल्याच चमच्यात घेतली. चमच्याच्या कडेला तिच्या ओठांचा रंग लागलेला. सगळं टेबल बघत होतं. डेल्मानं तोंड उघडलं. ते गार, गोड, तेलकट घशापाशी गेलं, गाजर जिभेला चिकटलं, तो ओला गाल तिच्या गालाला लागला, "शाब्बास माझं बाळ" असं कानात गुळगुळलं, आणि तिची आतडी वर आली. ती बाक पाडून बाहेर पळाली नि कठड्यावरून खाली खडकांवर ओकली. दोनदा. तिसऱ्यांदा नुसतं पित्त.

फर्न मागून आली होती. पाठीवर हात फिरवत होती.

"डेल्मे," ती हळूच म्हणाली, "तुला तर त्या सडक्या आमिषाची बी मळमळ व्हत न्हाई."

"ह्याची झाली."

"जेलीची?"

"समद्याची."

फर्नचं बोटांवर काहीतरी मोजणं चाललं होतं, हे डेल्माला तोंड पुसताना दिसलं आणि त्याचा खरा अर्थ लागला नाही. जूनमध्ये लग्न झालेल्या बाया आपले दिवस मोजत असतात, तिला वाटलं.

चार वाजता तिला बोलावणं आलं. सभागृहाच्या मधोमध एक खुर्ची, भोवती सात-आठ जण. डेल्माला बसवलं आणि सगळ्यांनी तिच्यावर हात ठेवले. डोक्यावर, खांद्यांवर, मांडीवर, एक तर मानेवर. गरम, ओले, जड हात. कुणाच्या तरी अंगठीत तिचा केस अडकला. पाद्री फक्त-फक्त करत होता. मग जॉयलीन तिच्यापुढं गुडघ्यांवर बसली आणि तिचा हात थेट डेल्माच्या पोटावर आला.

"प्रभू, या अजाण लहानग्या जिवावर दया कर. आईचा दोष त्याच्या माथी येऊ नये."

डेल्मानं डोळे उघडले. लहानगा जीव कुठला? सगळ्यांचे डोळे मिटलेले, कुणाकुणाच्या गालांवरून पाणी. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मुकं मागणं, ओकारी, बिनलग्नाची पोरगी, वर आई नाही, वर पुरुषांबरोबर नावेवर.

ती झटक्यानं उठली. हात सगळे गळून पडले.

"आवो, काय बोलताय? तसलं काय बी न्हाई."

"मग काय आहे, राणी?" जॉयलीन गुडघ्यांवरूनच म्हणाली. आवाज मऊ, डोळे टक्क उघडे.

फर्ननं तिचा हात धरला होता. खरंच काळजीनं विचारलं तिनं. "मग कशापायी मुकं म्हनलीस? वेंडलकाका बरं हायत न्हवं? रूपर्ट म्हनत व्हता, औंदा पिंजऱ्याच्या गाठी काकांनी तुज्याकडनंच मारून घेतल्या. समद्या. काका तर दुसऱ्याच्या गाठीवर इस्वास ठिवत न्हाईत कदी."

सगळे वाट बघत होते. डेल्माला दिसलं की दारं दोनच आहेत. एक आत्ताच उघडं आहे आणि त्यात ही सगळी माणसं ओठ ओले करून उभी आहेत. ते लावलं की फर्न दुसरं ढकलणार, आणि त्याच्यामागं टेबलाशी कप दोन्ही हातांनी धरून बाप बसलाय.

ती खुर्चीवर बसली. मान खाली घातली.

"बाबा बरं हायत," ती म्हणाली. "तुमी करा परार्थना."

हात पुन्हा आले. या खेपेला जास्त.

त्यानंतर तिनं हेझल मावशीच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला मागून घेतली. हेझल त्या जागेवर येणाऱ्या हरेक शिबिरासाठी तीस वर्षं राबत होती, सत्तरीची, कमरेत वाकलेली. तिनं बोलता बोलता डेल्माच्या खिशात खारी बिस्किटं कोंबली.

"सकाळी उठाय आदी खायाची. मला चारी खेपेला त्येच गुन आला."

"मावशे, मी..."

"आगं, दर साली एक घावती त्यास्नी. न घावली तर शिबिर आळनी जातंय." हेझलनं नाक शिंकरून हाताच्या पाठीनं पुसलं. "माज्या येळंला तर चर्चात उबी क्येली व्हती मला. तुमचं बरं, खुर्ची तरी हाय."

फोन स्वयंपाकघराच्या बोळात होता, भिंतीला लटकवलेला. जॉयलीन आली, वही उघडली, तबकडी फिरवली. डेल्मा नळ बंद करून उभी राहिली.

"व्हिओलाताई? जॉयलीन. प्रार्थनेचा विषय आहे, तातडीचा. नाव नाही घेणार मी, नाव घेणं बरं नव्हे. तुमच्याच गावची एक मुलगी. आई नाही बिचारीला... हो, नावेवर काम करते... नाही, नाव नाहीच घेत मी... हो. हो, तीच."

डेल्माच्या हातातल्या पातेल्याच्या तळाला ट्यूनाची खरपूड चिकटली होती. ती नखानं खरवडत राहिली.

रविवारी सकाळी साक्षी. धुकं उठलं होतं, म्हणून खाली पुळणीवर बसले. वाहून आलेल्या लाकडांचा क्रूस उभा केलेला. डेल्मानं ठरवलं होतं, तोंड मिटून बसायचं, दुपारी घरी. पण सकाळपासून फर्न तिच्याशी बोलली नव्हती. चहा दिला नाही. अंथरूण उचलून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. आणि आता पाच-सहा हातांवर बसून ती डेल्माकडे बघत होती, तोंड पांढरंफटक.

डेल्माला आधी कळेना. मग कळलं. नावेवर कोण कोण असतं? बाप. म्हातारा लेस्टर. आणि रूपर्ट.

आता फर्न घरी जाऊन काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. रूपर्टला ती त्या नावेच्या आसपास फिरकू देणार नव्हती. ज्याच्यासाठी ती गप्प बसली तेच हातचं चाललं.

"कुणाला काही सांगायचंय?" पाद्रीनं विचारलं. तो विचारत सगळ्यांना होता, बघत एकीकडेच होता.

डेल्मा उठली. क्रूसापाशी गेली. समोर चाळीस तोंडं, मागं समुद्र.

"जुलैत एक जहाज दुरुस्तीला आल्यालं," ती म्हणाली. "मोठं, परदेशी. समद्यांनी बगितलं हाय. आट दिस धक्क्याला व्हतं. त्येच्यावरचा एक व्हता."

"त्याचं नाव, राणी?"

"त्यो सांगायचा त्ये मला म्हनता येत न्हाई."

"आणि आता कुठं आहे तो?"

"समिंदरात."

एक सुस्कारा निघाला. चाळीस जणांचा एकदम. भरल्या पोटाचा माणूस ताटावरून उठताना सोडतो, तसला. पाद्रीनं डोळे मिटले. जॉयलीनची लेखणी धावू लागली. पुढच्या रांगेतली एक पोरगी रडत होती आणि रडता रडता शेजारणीला कोपरानं ढोसत होती. एका पोराच्या तोंडाचा आ वासलेला, खालच्या ओठावर लाळ. डेल्मानं आयुष्यात खूप घाण बघितली होती, पण ती घाण मेलेल्या गोष्टींची होती. ही जिवंत होती आणि गाणं म्हणणार होती. खरंच म्हटलं, तीन कडवी, गिटारीवर. आणि या सगळ्यात देवासमोर उभं राहून ठासून खोटं बोललेलं तोंड तिचंच होतं, ते बदलता येत नव्हतं. तिनं जिभेनं दात चाटले. गाजराची चव अजून तिथंच होती.

गाणं संपायच्या आत फर्न धावत आली नि गळ्यात पडली. "डेल्मे गं! मला काय काय वाटाय लागलं व्हतं बग. मेलं माजं मन!" येताना गाडीत ती दुप्पट बोलली. झबली कुणाकुणाकडं आहेत, पाळणा कुणाचा आणायचा. "आन् रूपर्टला सांगते मी, तुला जड उचलू द्यायचं न्हाई. आजाबात."

डेल्मा खिडकीबाहेर थुंकली.

घरी पोचली तर टेबलावर तीन झाकलेली ताटं. व्हिओला आणि मंडळी येऊन गेली होती. त्यातलं एक हिरवं होतं, काचेच्या झाकणाखाली थरथरत होतं.

वेंडल टेबलामागं बसलेला, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

"कुनाचं?" तो म्हणाला.

"कुनाचंच न्हाई. न्हाईच काय."

तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यानं मध्ये एकदाच विचारलं, "रूपर्ट काय म्हनला त्या गाठींचं?" ते तिनं पुन्हा सांगितलं. मग तो उठला. रागानं त्याचा हात खांद्यापासून हलत होता.

"माज्या हातापायी तू तुजं तोंड काळं करून घेतलंस. त्या बायांम्होरं. मी आत्ता सांगतो व्हिओलाला."

"सांगा."

त्यानं भिंतीवरचा फोन घेतला. तबकडीच्या भोकात बोट घातलं. बोट निसटलं. पुन्हा घातलं, अर्धा आकडा फिरला नि सुटला. डावा हात लावला तर फोनच हातातून लोंबला. डेल्मा चार हातांवर उभी होती. व्हिओलाचा नंबर तिला पाठ होता. ती जागची हलली नाही. चौथ्यांदा सुटल्यावर वेंडल म्हणाला, "फिरव."

"न्हाई."

बराच वेळ फोनमधून नुसता घुंऽऽ आवाज येत राहिला. मग त्यानं तो जागेवर अडकवला, तेही दोनदा चुकून. टेबलापाशी येऊन बसला. झाकणं उचलून बघितली.

"फेब्रुवारीत प्वाट दिसायचं न्हाई, तवा?"

"तवा म्हनतील ग्येलं. आजून तीन ताटं येतील."

वेंडलनं हिरवी ताटली तिच्याकडे सरकवली. "हे आदी घराभाईर काड." तिनं ती मागच्या पायरीवर नेऊन पालथी केली. जेली पायरीवर पसरून हलत राहिली. समुद्रपक्षी उतरले, भोवती फिरले, एकानं चोच लावली, मान झटकली. मग सगळे धक्क्याकडे उडाले, आमिषाच्या पिंपांवर.

नोव्हेंबरचा शेवटचा सोमवार. उजाडायच्या बेतात सगळं गाव धक्क्यावर. नावांवर पिंजऱ्यांच्या उतरंडी, माणसांच्या तोंडातून वाफा. ओहोटी होती, म्हणजे नावा खाली, आणि धक्क्यावरून उतरायला पंधरा फूट लोखंडी शिडी, शेवाळलेली. डेल्माला आठ दिवस त्या शिडीपायी झोप नव्हती. एवढ्या माणसांदेखत बाप ती कसा उतरणार?

रूपर्ट तिच्यापाशी आला, नजर चुकवत. "फर्ननं शप्पत घातलीया. तू पिंजऱ्याला हात लावायचा न्हाई. तू आपली सुकानू धर. काका शेजारी बसून सांगतील कुटं कुटं ते."

"बरं," डेल्मा म्हणाली.

तेवढ्यात पाद्री रँडल प्रार्थनेला उभा राहिला, आणि जॉयलीन गर्दीतून वाट काढत आली. कुणी बोलावलं नव्हतं. लायलॅक आधी पोचलं. तिनं हातमोजा काढला आणि सगळ्या गावादेखत डेल्माच्या मेणकापडी कोटावर, बेंबीच्या जरा खाली, तळहात ठेवला.

"दोघांना सुखरूप आण, प्रभू," ती मोठ्यानं म्हणाली.

सगळ्यांच्या माना वळल्या. बायका, गडी, पोरं, व्हिओला, शेजारच्या नावेवरचे तांडेल, सगळे त्या पोटाकडे बघत होते. तळहाताची ऊब मेणकापडातून आत आली आणि डेल्माच्या घशाशी ते जुनं, गार, गोड चढलं. तिनं ते गिळलं. पाय रोवून उभी राहिली. जॉयलीनच्या खांद्यावरून तिला शिडीचं टोक दिसत होतं. वेंडलनं पाठ फिरवून पहिल्या दांडीवर पाय ठेवला होता. उजवा हात दांडी चुकला. पुन्हा चुकला. मग त्यानं कोपरच आत अडकवलं. टोपी एक दांडी खाली गेली. मग आणखी एक.

जॉयलीन थांबू लागली तशी डेल्मा म्हणाली, "करा की आजून थोडी."

खुश होऊन पाद्रीणबाईनं दुसराही हात ठेवला. टोपी दिसेनाशी झाली. खाली फळीवर बूट आपटल्याचा आवाज आला, एक, मग दुसरा, आणि लेस्टर कुणाला तरी पिंजरे आवळायला ओरडला.

डेल्मानं ते दोन्ही हात मनगटांशी धरून पोटावरून उचलले आणि बाजूला ठेवले.

"झालं," ती म्हणाली, आणि शिडीकडे गेली.